चाचणी आवृत्ती

टेबलावरची पांढरी चादर खालच्या बाजूने दुमडून टाचण्यांनी बसवली होती. दोन टाचण्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं, साधारण वीतभर. फक्त कोपऱ्यांवर त्या जवळजवळ लावल्या होत्या, कारण कापडाला ओढ तिथे जास्त बसते. सभागृहाच्या दोन्ही भिंतींना लागून अशी टेबलं ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकामागे एक पाटी होती. प्रकाशक, पुस्तकबांधणीवाले, लोखंडी रॅकवाले, वाळवीचं औषध विकणारे. मी दोन्ही ओळी शेवटपर्यंत पाहून आले. आमची पाटी कुठेच नव्हती.

"आपलं टेबल कुठलं हो, मॅडम?" उपाध्येकाकांनी विचारलं. त्यांच्या खांद्यावर गुंडाळलेला कापडी फलक होता.

"मी तेच शोधतेय."

"गौतमी, तू बुक केलंस ना?"

"मी?" गौतमी कांबळेच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. "काका, स्टॉलची कल्पना तुमची होती. मला वाटलं तुम्हीच केलं असेल."

"मी कल्पना मांडली! ग्रुपवर टाकली! सगळ्यांनी अंगठे दिले की!"

"मी पण अंगठा दिला होता," गौतमी म्हणाली.

"मग?"

"मग काय? अंगठा दिला, म्हणजे कल्पना आवडली असं कळवलं."

आमच्या मागे इक्बाल मुजावर लॅपटॉप छातीशी धरून उभा होता. तो हसायला लागला. "घ्या! सगळे शिकलेसवरलेले, आणि निघालो अंगठेबहाद्दर."

ते जिल्ह्यातल्या वाचनालयांचं अधिवेशन होतं. गावोगावचे ग्रंथपाल वर्षातून एकदा एका ठिकाणी जमतात ते तिथेच. आम्ही आलो होतो 'फडताळ' घेऊन. फडताळ म्हणजे इक्बालने लहान वाचनालयांसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर. कुठलं पुस्तक कोणाकडे गेलं, कधी परत येणार, दंड किती झाला, सगळं मराठीत. ते फुकट होतं आणि मुक्त होतं. म्हणजे त्याच्या आतला कोड कोणालाही वाचता येत असे आणि सुधारून पाठवता येत असे. इक्बाल मिरजेत कॉम्प्युटरचे क्लास घेई आणि उरलेल्या वेळात हे काम करी. गौतमी साखर कारखान्याच्या संगणक विभागात होती. दंडाच्या हिशेबाचा भाग तिनेच लिहिलेला. उपाध्येकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. प्रसार हा त्यांचा विषय. मी सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात फडताळ वापरताना मला एक चूक आढळली. ती कुठल्या क्रमाने काय केलं की घडते आणि काय केलं की घडत नाही, एवढं मी लिहून पाठवलं. इक्बालचं उत्तर आलं, "एवढी नीट तक्रार आजवर कोणी केली नव्हती. तुम्ही आमच्यात या." मी गेले.

टेबल नव्हतं म्हणून आम्ही सभागृहाच्या दाराशी, चपलांच्या रॅकशेजारी उभे राहिलो. काकांनी फलक उलगडला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. इक्बालने लॅपटॉप रॅकच्या वरच्या फळीवर ठेवला. येणाराजाणारा आधी चपला शोधत होता, मग आमच्याकडे बघत होता.

शेवटी एक बाई थांबल्या. खळ घातलेली सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्या तासगावच्या लोकमित्र वाचनालयाच्या ग्रंथपाल, शेटे बाई. शेटे बाईंनी एखादी गोष्ट स्वीकारली की आजूबाजूची गावं न विचारता स्वीकारतात, असं तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांनी चष्मा चढवला आणि पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. अगदी तळाशी बारीक अक्षरांत दोन शब्द होते.

"हे काय लिहिलंय? चाचणी आवृत्ती?"

"हो बाई. म्हणजे अजून..." इक्बाल अडखळला.

"किती वर्षं चाललीय चाचणी?"

"झाली बरीच."

"मग संपली की या," बाई म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

दुपारी आम्ही बाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. काकांनी कपातला पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "हे बघा, टेबल गेलं तर गेलं. माझ्या डोक्यात नवीन कल्पना आहे."

"काका, थांबा जरा," इक्बाल म्हणाला. "मला काहीतरी सांगायचंय."

त्याला बंगळूरच्या एका कंपनीने बोलावलं होतं. चांगलं काम होतं, शिकायला मिळणार होतं. कंपनी काही महिने थांबायला तयार होती.

"जा की मग," गौतमी म्हणाली. "अडचण काय?"

"फडताळ."

तो कप हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पावती छापत नाही, फोन मला. अक्षरं उमटत नाहीत, फोन मला. पासवर्ड विसरले, तरी मला. आई म्हणते, निकाहाला काझी विचारतील कबूल आहे का, आणि तेवढ्यात तुझा फोन वाजेल. नव्या नोकरीत मला हे झेपणार नाही. आणि सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. नवीन आवृत्ती मीच सोडू शकतो, दुसरं कोणी नाही. म्हणून खाली ते दोन शब्द ठेवलेत. चाचणी आहे तोवर मी कोणाला बांधील नाही. उद्या बंद केलं तर कोणी म्हणू शकत नाही की तू शब्द दिला होतास."

"बंद म्हणजे?" मी विचारलं.

"पानावर एक ओळ टाकायची. यापुढे देखभाल होणार नाही, वापरायचं तर आपापल्या जबाबदारीवर वापरा. झालं."

टपरीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता ते ऐकू येत होतं.

"मी अजून ठरवलेलं नाही," इक्बाल म्हणाला. "दिवाळीनंतर सांगतो."

"बंद कसलं करतोस!" काका एकदम उसळले. "अरे, एसटी स्टँडवर पोस्टरं लावू. फडताळाचं एक गाणं करू, माझा भाचा चाल लावतो. मदतीसाठी एक हेल्पलाइन नंबर काढू. मंत्र्यांना निवेदन देऊ..."

"कोण देणार?" मी विचारलं.

"अं?"

"निवेदन. कोण लिहिणार आणि कोण देणार?"

मी हे त्यांना टोचावं म्हणून विचारलं नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आमच्या ग्रुपवर कल्पनांची कमी कधीच नव्हती. रोज सकाळी एखादी यायचीच. खाली अंगठे यायचे, फुलं यायची, "मस्तच" यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवी कल्पना येऊन पडायची. जितके अंगठे जास्त, तितकं ते काम कोणीतरी घेतलंय असं प्रत्येकाला वाटे. त्यात आळस नव्हता. सांगितलेलं काम यातल्या एकानेही कधी टाळलं नव्हतं. पण कोणी कोणाला सांगतच नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांना आमच्या प्रयोगशाळेत बोलावलं. विद्यार्थी गेले होते. लांब ओट्याभोवती आम्ही स्टुलांवर बसलो आणि मी प्रत्येकापुढे एकेक कोरा कागद ठेवला. त्यावर मी मथळे छापून आणले होते: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. शाळेत प्रयोगवही लिहिलेल्या कोणालाही ते तोंडपाठ असतात. मी त्यात फक्त एक मथळा वाढवला होता, 'कोण'.

"अरे देवा," काका म्हणाले. "मॅडम, पेन्शनीत आलेल्या माणसाला पुन्हा प्रॅक्टिकलला बसवलंत!"

सगळे हसले. मीही हसले.

"प्रत्येक कल्पना या कागदावर उतरवायची," मी म्हणाले. "सगळे रकाने भरले की ते काम. एक जरी रिकामा राहिला तर ती कल्पना बाजूला ठेवायची. टाकून द्यायची नाही. भरता येईल तेव्हा परत घ्यायची."

"निरीक्षणात काय लिहायचं?" गौतमीने विचारलं.

"काम झालं हे आपल्याला कशावरून कळेल, ते."

काकांनी उत्साहाने सुरुवात केली. "एसटी स्टँडवर पोस्टर. उद्देश, प्रसिद्धी."

"कोणाकडे प्रसिद्धी, काका? स्टँडवर प्रवासी असतात. फडताळ ग्रंथपालांसाठी आहे."

"अहो, त्या प्रवाशांत एखादा ग्रंथपाल नसेल का?"

"असेल. तो पोस्टर बघून फडताळकडे आला, हे आपल्याला कसं कळेल?"

"कळेल की! तो सांगेल!"

"कोणाला?"

काकांनी कागद बाजूला सारला आणि दुसरा घेतला. गाणं. गाण्याला भाचा होता, पण भाच्याला अजून विचारलेलं नव्हतं. निवेदनाला उद्देश भव्य होता, कृती एका ओळीची होती आणि 'कोण' रिकामं. प्रत्येक कागदावर मी शांतपणे तेच प्रश्न विचारत गेले. वर्गात मी असंच विचारते. काकांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि मग अचानक मोठा झाला.

"मॅडम, हे तुमचं रसायनशास्त्र आहे. इथे माणसं आहेत. माणसांचा उत्साह परीक्षानळीत मोजत नसतात."

"मी उत्साह मोजत नाहीये, काका."

"मग काय करताय? टेलिफोन खात्यात साहेब लोक हेच करायचे. कोणी काही सुचवलं की एक फॉर्म पुढे टाकायचे. माणूस फॉर्म बघूनच घरी जायचा." ते स्टुलावरून उठले. "मी तुमचा विद्यार्थी नाही."

ते गेले. कागद ओट्यावरच राहिले.

"मॅडम," इक्बाल म्हणाला, "काका गेले म्हणजे अर्धा ग्रुप गेला. तुम्ही फोन करून म्हणा, कागदबिगद राहू दे."

"ते राहतील तर मला आनंद आहे," मी म्हणाले. "पण कागद मी मागे घेणार नाही. टेबल नव्हतं, ते असा कागद नव्हता म्हणूनच."

गौतमीने काकांचा एक कागद उचलला होता. हेल्पलाइनचा. ती खाली मान घालून लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने तो माझ्याकडे सरकवला. उद्देश: इक्बालचा फोन वाजू नये. साहित्य: एक जुना मोबाइल, नवीन नंबर. कृती: मदतीचे सगळे फोन त्या नंबरवर, मोबाइल आठवड्याला एकाकडे, मग दुसऱ्याकडे. कोण: पहिला आठवडा गौतमी, दुसरा मॅडम. निरीक्षण: इक्बालचं जेवताना ताटावरून उठणं बंद होणे. त्याच्या पुढे कंसात लिहिलं होतं, निरीक्षक: इक्बालची आई.

इक्बालने ते वाचलं. तो हसला, पण फारच थोडा. "मला न विचारताच?"

"तुझं नाव 'कोण'मध्ये नाही," गौतमी म्हणाली. "तुला कशाला विचारायचं?"

त्या मोबाइलचा पहिला आठवडा गौतमीकडे गेला, दुसरा माझ्याकडे आला. फोनवर लोकांना सांगायला मला आधी अवघड गेलं, कारण मी मुळात कमी बोलते. मग लक्षात आलं की फोन करणाऱ्यालाही फार बोलायचं नसतं. कुठलं बटण दाबलं, काय दिसलं, एवढं क्रमाने विचारलं की निम्म्या वेळा उत्तर त्याच्याच तोंडून येतं. जे मला सुटत नसे ते मी गौतमीला लिहून पाठवी. गौतमीला सुटत नसे असं फारच थोडं होतं. इक्बाल रोज विचारी, "काही आलं होतं का?" आणि आम्ही म्हणत असू, "आलं होतं. झालं."

काका ग्रुपवर नव्हते. सकाळी कल्पना येत नव्हती. खरं सांगायचं तर त्या निरोपांवाचून मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. दिवाळी आली. फराळाचा डबा देताना इक्बालला विचारलं, तर म्हणाला, "सांगतो. एवढं तुळशीचं लग्न होऊ दे."

"तुला रे तुळशीच्या लग्नाचं काय?"

"आमच्या गल्लीत बँडबाजा माझ्याच क्लासच्या पोरांचा असतो, मॅडम."

कार्तिकातल्याच एका दुपारी मी मुलांचा टायट्रेशनचा प्रयोग तपासत होते. दारात काका उभे होते. हातात छत्री होती, घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

"तासगावहून थेट इकडेच आलो," ते म्हणाले. बसायला सांगायच्या आत त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझाच छापलेला कागद होता तो. टेलिफोन खात्यातल्या सुवाच्य अक्षरात भरलेला.

उद्देश: लोकमित्र वाचनालयात फडताळ चालू होणे. साहित्य: मी, छत्री, दुपारचा वेळ. कृती: रोज तासगावला जाणे. कोण: पार्श्वनाथ उपाध्ये.

"शेटे बाईंच्या वाचनालयात?" मी विचारलं.

"दिवाळीआधीपासून जातोय. पहिल्या दिवशी म्हणाल्या, सभासद आहात का? नसाल तर बाहेरच्या बाकावर बसून पेपर वाचा. मग सभासद झालो. रोज एक पुस्तक नेतो, दुसऱ्या दिवशी परत करतो. एका दिवसात पुस्तक वाचून होतं का हो? नाही होत. पण बाई विचारतात, कसं होतं? आता वाचल्याशिवाय सुटका नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "चौथ्यापाचव्या दिवशी म्हणाल्या, तुम्ही ते चपलांपाशी उभे होतात ना? मी म्हटलं, हो. म्हणाल्या, मग दाखवा एकदा. दाखवलं. आता त्यांच्या कार्डांच्या जोडीने फडताळही चालवून बघतायत. रोज चुका काढतात."

"कुठल्या चुका?"

"तुमची गौतमी दंड रथाच्या दिवशीही लावते! तासगावात गणपतीचा रथ निघतो त्या दिवशी वाचनालय उघडतं होय? बाई म्हणाल्या, ज्याला आमचा रथ माहीत नाही त्याने आमच्याकडून दंड घेऊ नये."

मी लगेच गौतमीला कळवलं. तिने त्याच आठवड्यात प्रत्येक वाचनालयाला आपल्या गावच्या सुट्ट्या घालता येतील अशी सोय केली, आणि ती पुढे सगळ्या गावांना उपयोगी पडली.

पण काका अजून उभेच होते. त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. 'निरीक्षण' रिकामं होतं.

"हे मला जमेना," ते म्हणाले. "लिहून खोडलं, लिहून खोडलं. बाई वापरायला लागल्या, असं लिहावं तर ते एका गावापुरतं झालं. बाकीच्या गावांचं काय? तुम्ही विचारता तसं विचारा मला."

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. "बाईंच्या वाचनालयात फडताळ चांगलं चाललंय, हे शेजारच्या गावाला कसं कळेल?"

"आपण सांगू."

"आपण तर चपलांपाशीही सांगत होतो."

काकांच्या चेहऱ्यावर एक भाव आला, जो मी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर वर्षातून एखाद्या वेळी बघते. "बाई सांगतील," ते हळूच म्हणाले. "आपण तोंड उघडायचं नाही. आपण गप्प बसलो आणि बाई स्वतःहून दुसऱ्या ग्रंथपालाला सांगायला लागल्या, तर झालं." त्यांनी माझ्याच टेबलावरचं पेन घेऊन ते लिहिलं.

मग आमचं ठरलं. स्टॉल नाही, फलक नाही, भाषण नाही. एक दिवस, एक वाचनालय, शेटे बाईंचं. आजूबाजूच्या गावांतल्या ग्रंथपालांना तिथे चहाला बोलवायचं. बोलवायला जायचं काम काकांचं. प्रत्येकाला घरी जाऊन, तोंडी. यंत्रं आणि छपाई गौतमीकडे. माझ्याकडे एकपानी माहिती, मोठ्या अक्षरांत. कारण ती वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना चाळिशी लागलेली होती. इक्बालकडे काहीच नव्हतं.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"तू ये," काका म्हणाले. "आणि बस."

संक्रांत आली. इक्बालने तिळगूळ घेतला, गोड बोलला, पण बंगळूरबद्दल बोलला नाही. कंपनीचा फोन आता दर आठवड्याला येतो, असं त्याच्या आईकडून गौतमीला कळलं. "बिचाऱ्याला झोप नाही," त्या म्हणाल्या होत्या. "पण जेवताना आता उठत नाही हां. ते लिहून घे."

ठरलेल्या शनिवारी आम्ही लोकमित्रमध्ये पोचलो तेव्हा वर्तमानपत्रांच्या लांब बाकावर आमच्यासाठी जागा ठेवली होती. काकांनी दारातच बजावलं, "तोंडाला कुलूप. मॅडमना सांगायला नको, ज्याला सांगायचं त्याला सांगतोय." ते इक्बालकडे बघत होते.

ग्रंथपाल आले. कोणी जोडप्याने आलं, कोणी वाचनालयाच्या अध्यक्षांना घेऊन. एका तरुण ग्रंथपालाने, सावळजच्या झांबरेंनी, स्वतःचा लॅपटॉप आणला होता. चहा झाला. मग सगळे इकडेतिकडे बघू लागले. कार्यक्रम कधी सुरू होणार, पाहुणे कोण, हार कोणाला घालायचा?

शेटे बाई नेहमीप्रमाणे खिडकीपाशी बसल्या होत्या. एक सभासद आजी पुस्तक बदलायला आल्या. बाईंनी पुस्तक घेतलं, पडद्यावर नोंद केली, दुसरं दिलं. जवळ उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "एवढ्यात झालं?"

"झालं," शेटे बाई म्हणाल्या. "तुम्हाला दाखवते. इकडे या, उजेडात या."

काकांनी माझ्या कोपराला धक्का दिला. मी मान हलवली नाही, पण मला दिसलं होतं.

बाई बोलत राहिल्या. त्यांच्याभोवती आधी दोघी होत्या, मग घोळका झाला. "दंडाचं बघा. तुमच्या गावची जत्रा कधी असते? घाला इथे. आता त्या दिवसाचा दंड लागणार नाही. मी सांगून करून घेतलंय." त्या कुठेही अडल्या नाहीत. जिथे फडताळ कमी पडतं तेही त्यांनी सांगितलं, आणि ते आमच्यापैकी कोणीच इतक्या स्पष्टपणे सांगितलं नसतं.

तेवढ्यात मागून झांबरेंचा आवाज आला. "अहो, माझ्याकडे नुसते चौकोन दिसतायत! अक्षरंच नाहीत!"

इक्बाल अर्धा उठला. सवयीने. पण त्याच्या आधी गौतमी झांबरेंच्या शेजारी पोचली होती. "फॉन्ट नाही तुमच्याकडे, थांबा," ती म्हणाली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावरच टेकली. मदतीचा मोबाइल त्या आठवड्यात काकांकडे होता. तोही तेव्हाच वाजला. काका बाकावरून उठून दाराशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, "फडताळ मदत, उपाध्ये बोलतोय. हां, काय दिसतंय सांगा. नाही, तुम्हाला काय वाटतं ते नको, काय दिसतंय ते सांगा." एका वयस्क गृहस्थांनी माझं पान पुढे धरून विचारलं, "सगळ्या नोंदींची दुसरी प्रत कशी ठेवायची?" मी त्यांना समजावून सांगत होते. मान वर केली तेव्हा इक्बाल तसाच होता, अर्धा उठलेला, एक हात बाकावर. मग तो हळूहळू खाली बसला.

झांबरेंची अक्षरं आली. त्यांनी टाळी वाजवली.

शेटे बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. "मुजावर," त्या म्हणाल्या. "इकडे या."

घोळका बाजूला झाला. इक्बाल पुढे गेला.

"मी माझी कार्डं आजपासून कपाटात ठेवायला तयार आहे. ही सगळी माणसं बघतायत मी काय करते ते. पण त्याआधी मला एक उत्तर पाहिजे, आणि सगळ्यांसमोर पाहिजे." त्यांनी पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. "हे दोन शब्द अजून इथेच आहेत. तुमची बंगळूरची गोष्ट उपाध्यांनी मला सांगितलीय. उद्या तुम्ही गेलात तर माझ्या वाचनालयाने काय करायचं?"

दाराशी काकांनी फोनवर "एक मिनिट थांबा" म्हटलं. गौतमी झांबरेंच्या लॅपटॉपवरून हात काढून वळून बसली. मी हातातलं पान टेबलावर ठेवलं.

इक्बालने आधी गौतमीकडे पाहिलं. मग काकांकडे, मग माझ्याकडे. त्याची नजर शोधणाऱ्या माणसाची नव्हती. आधीच सापडलेली गोष्ट पुन्हा एकदा तपासून घ्यावी, तशी होती.

"मी जाणार आहे, बाई," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात."

कोणीतरी "अरेरे" म्हणालं.

"आणि फडताळ बंद होणार नाही. गेल्या कित्येक आठवड्यांत मला एकही फोन आला नाही. मी विचारलं की या म्हणायच्या, आलं होतं, झालं. माझा विश्वास बसत नव्हता. आज इथे बसून बघितलं." त्याने आमच्याकडे हात केला. "गौतमीला कोड माझ्याइतकाच कळतो. काकांना माणसं कळतात. काम कसं पार पडतं ते मॅडमना कळतं. सगळ्या किल्ल्या आज संध्याकाळी या तिघांकडे देतो, आणि नवी आवृत्ती आता गौतमी सोडेल. मी त्यांच्यातलाच एक. ते दोन शब्द पुसून टाकतोय. चाचणी संपली, बाई. वापरा."